पुढच्या वर्षीची गाडी

कुणाला जुनी तिकिटे जमवण्याचा छंद असतो, कुणाला काड्यापेट्यांवरची चित्रे. मला किमती जमवण्याचा छंद आहे. त्याही सगळ्या वस्तूंच्या नव्हेत, एकाच वस्तूच्या. माझ्या कपाटात निळ्या पुठ्ठ्याची एक दोनशे पानी वही आहे. तिच्यात २०१२ सालापासून एका मोटारगाडीची नोंद मी ठेवीत आलो. रकाने तीन. त्या वर्षी गाडीची किंमत काय झाली, तिच्यात नवीन काय आले, आणि मी ती का घेतली नाही. पहिले दोन रकाने वर्तमानपत्रावरून आणि शोरूममधल्या पत्रकांवरून भरलेले आहेत. तिसरा मात्र सर्वस्वी माझ्या प्रतिभेचा आहे.

पेशाने मी हिशेबनीस. वागळे इस्टेटीतल्या एका लहानशा कारखान्यात नटबोल्टांचे आणि पगाराचे हिशेब लिहितो. बाहेरच्या माणसाला वागळे इस्टेटीत पत्ता शोधताना नेहमी गंमत वाटते, कारण इथल्या रस्त्यांना नावे नाहीत, नंबर आहेत. सोळा नंबर, बावीस नंबर, अठ्ठावीस नंबर. १९६२ साली राज्याचे औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि त्याच्या अगदी पहिल्या वसाहतींत ही आमची वसाहत. माझे वडील, ज्यांना आम्ही आबा म्हणतो, १९७३ साली माणदेशातून इथे आले. आदल्या वर्षीच्या दुष्काळात त्यांनी खडी फोडली होती आणि सुकडी खाल्ली होती. इथे ते टर्नर झाले. ज्या शेडमध्ये त्यांचा लेथ फिरत असे तिथे आज काचेची इमारत आहे आणि तिच्यात गळ्यात ओळखपत्र अडकवलेली मुले रात्रपाळी करतात. रात्रपाळी तेवढी राहिली, भोंगा गेला.

आबांच्या काळी वाहन घेणे म्हणजे नंबर लावणे होते. मी जन्मलो त्या वर्षी, १९७९ साली, आबांनी स्कूटरसाठी नाव नोंदवले. मी पहिलीत गेलो त्या वर्षी स्कूटर दारात आली. त्या सहा वर्षांत माझे दात येऊन पडायला लागले, पण स्कूटर जशी नोंदवताना होती तशीच्या तशी आली. आबांच्या मालकांकडे फियाट होती. पुढे तिलाच पद्मिनी म्हणू लागले. कुर्ल्याच्या कारखान्यातून ती वर्षानुवर्षे जवळजवळ त्याच रूपात बाहेर पडत होती. १९६४ सालचा घाट तिने शेवटपर्यंत सोडला नाही. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ च्या ऑक्टोबरात नोंदली गेली आणि वीस वर्षे भरल्यावर २०२३ साली रस्त्यावरून उतरली. त्या काळात गाडी स्थिर असे आणि माणूस रांगेत उभा असे. आता सगळे उलटे झाले आहे. गाड्या शोरूमच्या मागच्या अंगणात रांगेने उभ्या असतात आणि माणूस घरी बसून म्हणतो, ‘थांबा, पुढच्या वर्षी हिच्यात आणखी काही येईल.’

हा रोग मला जडला २००८ साली. त्या वर्षी होंडाने सिव्हिक गाडीची हायब्रिड आवृत्ती भारतात आणली. किंमत साडेएकवीस लाख. माझ्या पगाराकडे पाहता ती किंमत मला पंचांगातल्या ग्रहांच्या अंतरासारखी होती. वाचायची आणि पान उलटायचे. पण काही महिन्यांतच, साठा उठवण्यासाठी, तीच गाडी सुमारे आठ लाखांनी खाली आली. मी ती बातमी दोनदा वाचली. जूनमध्ये घेणाऱ्याने आठ लाख जास्त दिले आणि नोव्हेंबरात घेणाऱ्याचे आठ लाख वाचले! हिशेबनिसाच्या मनावर अशा गोष्टीचा फार खोल परिणाम होतो. थांबणारा शहाणा, हे सूत्र मी त्या दिवशी मनाशी पक्के केले. ज्यांनी जूनमध्ये गाडी घेतली त्यांनी मधले महिने ती चालवली, हे मात्र माझ्या लक्षात आले नाही.

२०१२ च्या एप्रिलात मारुतीची एर्टिगा आली. सात माणसांची गाडी, सुरुवातीची किंमत दिल्लीत ५ लाख ८९ हजार. आमच्या घरी तेव्हा बरोबर सात माणसे होती. आबा, आई, आत्या, मी, माझी बायको, धाकटी बहीण आणि सहा वर्षांचा मुलगा. खोपटच्या एस.टी. स्टँडवर आम्ही सातजण बोचकी सांभाळीत उभे असू तेव्हा आई म्हणे, “एकाच गाडीत सगळी बसली तर किती बरं हुईल.” मी वही विकत घेतली ती त्या वर्षी. गाडी मात्र घेतली नाही. तिसऱ्या रकान्यात लिहिले आहे, ‘नवीन आहे. वर्षभर लोकांना चालवू दे.’

२०१४ साली बहिणीचे लग्न होऊन ती नाशिकला गेली. २०१५ साली मला मुलगी झाली. माणसे पुन्हा सात. आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात एर्टिगाची डिझेल आवृत्ती हायब्रिड झाली.

हा शब्द मी घरी उच्चारला तेव्हा आबांनी पेपर खाली ठेवला.

“हायब्रीड? आरं, ती ज्वारी आम्ही गुरांना घालायचो. तिची भाकरी दुसऱ्या दिशी चामड्यावानी हुती.”

१९६४ साली संकरित ज्वारीचे पहिले वाण आपल्या देशात आले तेव्हापासून गावाकडे हायब्रीड म्हणजे ज्वारी, दुसरे काही नाही. दाणा भरपूर, चव बेताची. मी आबांना समजावले. इथे संकर पेट्रोल-डिझेलचा आणि विजेचा आहे. इंजिनाला पट्ट्याने जोडलेली एक लहान विजेची मोटर असते. ब्रेक लावला की चाकांची वाया जाणारी शक्ती ती विजेच्या रूपाने बॅटरीत साठवते, आणि गाडी वेग घेते तेव्हा तीच शक्ती इंजिनाच्या मदतीला देते. सिग्नलला गिअर काढून पाय उचलला की इंजिन आपोआप बंद, क्लच दाबला की चालू. आबा टर्नर होते. यंत्राचे त्यांना दोन वाक्यांत कळते. ते म्हणाले, “म्हंजी नुसत्या विजेवर चालत न्हाय?” मी म्हणालो, “नाही.” “मग पुरती हायब्रीड न्हवं. गावरानच हाय, जरा खत घातल्यालं.” सौम्य हायब्रिड या शब्दाची इतकी नेमकी व्याख्या मी अजून कुठल्या पत्रकात वाचलेली नाही. खताचा गुण मात्र दिसला. कंपनीने सांगितलेला आकडा होता लिटरला २४.५२ किलोमीटर.

शिवाय सरकारने त्याच वर्षी १ एप्रिलपासून अशा गाड्यांना उत्तेजन म्हणून सवलत सुरू केली होती. मी वहीत लिहिले, ‘सवलत वाढण्याचा संभव. थांबावे.’ सवलत वाढली नाही. १ एप्रिल २०१७ पासून सौम्य हायब्रिड गाड्या तिच्यातून वगळल्या गेल्या, आणि १ जुलैला वस्तू व सेवा कर आला तेव्हा हायब्रिडवर २८ टक्के कर आणि वर १५ टक्के उपकर बसला. पूर्वी सुमारे ३० टक्के पडे तिथे ४३. एर्टिगाची हायब्रिड आवृत्ती एका दिवसात लाखाहून अधिक रुपयांनी महागली. गाडी तीच, इंजिन तेच, ती मोटरही तीच. मार्चपर्यंत तिला पर्यावरणाची मैत्रीण म्हणून पाठीवर थाप मिळत होती, आणि जुलैत ती चैनीच्या वस्तूंच्या पंगतीत जाऊन बसली. माणसाच्या पत्रिकेत ग्रह फिरतात असे म्हणतात. मोटारीच्या पत्रिकेत ते दरवर्षी फिरतात.

आत्या त्याच सुमारास गावाकडचे घर सांभाळायला म्हणून कायमची गावी गेली. जाताना म्हणाली, “गाडी घेतलीस की न्यायला ये.”

२०१८ च्या नोव्हेंबरात, दिवाळी होऊन दोन आठवडे झाले असतील, एर्टिगा नव्या अवतारात आली. आता पेट्रोल गाडीही हायब्रिड झाली. इंजिन दीड लिटरचे, जोडीला लिथियमची बॅटरी, सुरुवातीची किंमत ७ लाख ४४ हजार. आम्ही सगळे शोरूममध्ये गेलो. आईने त्या दिवशी ठेवणीतले इरकल नेसले होते. गाडी बघायला जाताना माणूस असा कपडे करतो हे मी प्रथमच पाहिले.

आई मधल्या ओळीत डावीकडे खिडकीशी बसली, आणि बसल्याबसल्या तिने आमची सगळ्यांची व्यवस्था लावून टाकली. आबांनी पुढे बसायचे, म्हणजे ते रस्ता सांगतील. मधे ती, शेजारी नात, पलीकडे सून. मागे नातू, आणि त्याच्या शेजारची जागा आत्याची. “येताना तिला घिऊनच यायचं.” विक्रेत्या मुलाने कौतुकाने वातानुकूलन चालू करून दाखवले. मधल्या ओळीचा वारा छतातून येत होता. आईने लगेच पदर डोक्यावरून घेतला. तिला कुठलाच वारा डोक्यावर सोसत नसे, एस.टी.तही ती कानाला फडके बांधून बसायची. “ह्यो वारा खालनं न्हाय का यायचा?” तिने विचारले. तो मुलगा हसला. म्हणाला, “आजी, पुढच्या मॉडेलमध्ये सांगतो करायला.” सगळे हसलो. मी मात्र वही काढून आईने सांगितलेली बसण्याची व्यवस्था किमतीच्या खाली टिपून ठेवली. सवयीने. तिसऱ्या रकान्यात त्या दिवशी लिहिले, ‘पहिल्या वर्षीची गाडी घेऊ नये.’

पुढचे फार सांगत बसत नाही. २०१९ मध्ये लिहिले, ‘एप्रिलपासून धुराचे नवे नियम, जुन्या नियमांची गाडी का घ्या?’ २०२० मध्ये नवे नियम आले, त्याच एप्रिलात कंपनीने डिझेल गाड्या बंद केल्या, आणि टाळेबंदीत आमच्या कारखान्याने पगार अर्धा केला. त्या वर्षीचे कारण तेवढे खरे होते. २०२१ च्या वसंतात आई गेली. त्या वर्षी तिसऱ्या रकान्यात काही लिहिलेले नाही.

आई गेल्यावर गाडीचा विषय संपेल असे वाटले होते. पण सवय ही विलक्षण चीज आहे. २०२२ च्या एप्रिलात एर्टिगाला नवे इंजिन आले, स्वयंचलित गिअर चाराचे सहा झाले, लिटरला २०.५१ किलोमीटरचा आकडा आला, आणि सुरुवात ८ लाख ३५ हजारांवर गेली. मी ते सगळे वहीत उतरवले. त्याच वर्षअखेर टोयोटाची इनोव्हा हायक्रॉस आली. ही पुरती हायब्रिड, नुसत्या विजेवरही काही अंतर धावणारी, लिटरला २३.२४ किलोमीटरचा आकडा सांगणारी. पण तिची हायब्रिड आवृत्ती चोवीस लाखांच्या पुढे. तीही मी वहीत घेतली, पाहुणी म्हणून. २०२४ च्या जुलैत उत्तर प्रदेश सरकारने पुऱ्या हायब्रिड गाड्यांचा नोंदणीकर माफ केला. आपल्याकडे दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला किमतीच्या अकरा टक्के कर पडतो, त्यावर वीस लाखांपर्यंतच्या गाडीला बारा. मी लिहिले, ‘महाराष्ट्रातही माफी मिळण्याचा संभव. थांबावे.’

माझी बायको फारशी बोलत नाही. त्या दिवशी तिने वही पाहिली आणि म्हणाली, “तुम्ही गाडीची वाट बघत नाही. तुम्ही कारणाची वाट बघता.”

मला राग आला. हिशेबनिसाला नेमके वाक्य ऐकले की राग येतोच. पण त्या रात्री मी वही पुन्हा उघडली आणि एक वेगळीच बेरीज करून पाहिली. किमतींच्या शेजारी पेन्सिलीने माणसे मांडली. २०१२ ला सात. २०१४ ला सहा. २०१५ ला पुन्हा सात. आत्या गेल्यावर सहा. आई गेल्यावर पाच. २०२४ ला मुलगा इंजिनियरिंगला सांगलीस गेला तेव्हा चार. त्याच काळात गाडीला काय काय मिळाले होते! मोटर, बॅटरी, गिअर, पडदे, उशा. दरवर्षी ती थोडी अधिक शहाणी होत गेली आणि दरवर्षी तिच्यात बसणारी आमच्यातली माणसे थोडी कमी होत गेली. गाडीतल्या बदलाचे पत्रक निघते, जानेवारीत भाव वाढणार याची आगाऊ सूचना येते. घरातल्या बदलाची सूचना कुणी काढीत नाही. आठ लाख वाचवणाऱ्या त्या २००८ सालच्या शहाण्या माणसाला मी पहिल्यांदाच विचारले, मधल्या महिन्यांचे काय केलेस?

२०२५ साली गाडीच्या पत्रिकेत फारच धामधूम झाली. एप्रिलात साडेबारा हजारांपर्यंत वाढ. जुलैत सर्व आवृत्त्यांना सहा एअरबॅगा आणि त्यापायी सुमारे १.४ टक्के वाढ. मग २२ सप्टेंबरला, नेमक्या घटस्थापनेच्या दिवशी, नवे करदर लागू झाले. उपकर गेला, चाळीस टक्क्यांवर गणित आले आणि एर्टिगा ४६,४०० रुपयांपर्यंत उतरली. सुरुवात ८ लाख ८० हजार. तेरा वर्षांच्या वहीत किंमत खाली आल्याची नोंद करताना मला पेन नीट धरवेना.

दसऱ्याला आम्ही शोरूममध्ये गेलो. विक्रेता मुलगा वेगळा होता. आधीचा केव्हाच कुठल्या दुसऱ्या गाड्या विकू लागला होता. त्याने नवे काय काय ते दाखवले. बोलता बोलता म्हणाला, “आणि सर, मधल्या सीटचा एसी आता छतातून नाही, खालून येतो. दोन पुढच्या सीटच्या मधून.”

मी आबांकडे पाहिले नाही. आबांनी वाकून त्या झरोक्यापुढे हात धरला. बराच वेळ धरला. मग म्हणाले, “वारा चांगला हाय.” आणि मुलाला विचारले, “कवा मिळंल?”

“सर, जानेवारीत कदाचित नवीन—” तो सांगू लागला.

“जानेवारी आमाला नगं,” आबा म्हणाले.

धनत्रयोदशीला गाडी घरी आली. एम.एच. ०४ ची पाटी, झेंडूची माळ, चाकाखाली लिंबू. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे निघायचे ठरले. माणसे चार, जागा सात. आदल्या रात्री आबा किसननगरात गेले आणि त्यांच्या जुन्या शेडमधल्या दोन सोबत्यांना सांगून आले. दोघेही माणदेशातलेच. दोघांनीही कितीतरी वर्षांत गावाचे तोंड पाहिले नव्हते, गुडघ्यांमुळे एस.टी.ची पायरी चढवत नव्हती. “रिकाम्या जागा कशाला न्यायच्या?” एवढेच आबा म्हणाले.

ऐरोलीवरून कळंबोली, तिथून द्रुतगती मार्गाने पुणे, पुढे सासवड, जेजुरी, फलटण. वाटेत प्रत्येक सिग्नलला इंजिन बंद झाले की मागचे दोघे दचकत आणि पुढून आबा त्यांना समजावीत, “हायब्रीड हाय. दम खाती.” मोगराळ्याचा घाट चढताना दोघेही टर्नर इंजिनाचा आवाज कान देऊन ऐकत होते आणि उतारावर बॅटरी भरते म्हटल्यावर त्यांनी आबांकडून ती सगळी रचना पुन्हा एकदा समजून घेतली. मधल्या ओळीत डावीकडच्या खिडकीशी फराळाचे डबे ठेवले होते. ते तिथे कुणी ठेवले ते मला ठाऊक नाही. डिकी अर्धी रिकामी होती.

दहिवडी ओलांडून गावात शिरलो तेव्हा दिवस कलला होता. आत्या ओसरीत बसली होती. तिने गाडीला भाकरतुकडा ओवाळला, चाकावर पाणी घातले आणि मग सरळ आत जाऊन, मधल्या ओळीत डब्यांच्या शेजारी बसून, “शिंगणापूरला न्ये,” म्हणून सांगितले. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. थोडे अंतर गेल्यावर तिने अवतीभवती नजर फिरवली, गुडघ्यांवर येणाऱ्या गार वाऱ्यापुढे हात धरला आणि मला विचारले,

“केवढ्याला पडली रं?”

मी आकडा सांगितला.

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “आन् तू पयल्यांदा बघितलीस तवा केवढ्याला हुती?”

तेरा वर्षांतला प्रत्येक आकडा मला तोंडपाठ आहे. पण वही ठाण्याला राहिली आहे, असे मी तिला सांगितले आणि दुसरा गिअर टाकला.